उशिरा ऐकणारं विमान

या, असे पुढे सरकून बसा. सतरंजी चुरगळली तरी चालेल. बुवा यायला अवकाश आहे, पेटीवाले अजून सूरच लावताहेत, तोवर तुम्हाला एक आख्यान सांगतो. यात राक्षस आहे, पण तो जेटवर चालणारा. देवही आहे, पण तो नेमका कुठल्या जिन्यानं आला यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

तर ऐका.

“हं, बसा,” अण्णा म्हैसाळकर मला म्हणाले. “चष्मा पुसून घ्या. पोहे फार खाल्ले नाहीत ना?”

“दोन बशा,” माझ्या वतीनं बापूमामांनी उत्तर दिलं.

“मग पट्टा सैल बांधा.”

मिरजेला मी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी खाली स्वयंपाकघरात होती, आणि मला आणलं होतं माडीवर. तिथं कुठल्याशा भंगारातल्या मोटारीची सीट लाकडी चौकटीवर ठोकलेली होती. समोर संगणक, उजव्या हाताला जॉयस्टिकची दांडी, डाव्या हाताला थ्रॉटलची मूठ, आणि भिंतीवर जिथं लोक देवांच्या तसबिरी लावतात तिथं ओळीनं लढाऊ विमानं. मामांनी सवयीनं पहिल्या विमानाला नमस्कार केला.

अण्णांचं मिरजेत चष्म्याचं दुकान होतं. तरुणपणी वैमानिक व्हायला गेले, तर डोळ्यांवरून परत पाठवलं. आल्या पावली त्यांनी डोळ्यांचंच दुकान काढलं. पुढे संगणक आले, त्यावर विमानांच्या लढाईचे सिम्युलेटर आले, आणि पन्नाशीतल्या अण्णांना तेवढ्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागले नाहीत. मुलगी लग्नाची झाली तेव्हा त्यांनी एक पद्धतच घालून दिली. “पत्रिकेत माणूस दिसत नाही,” ते म्हणत. “चहाच्या कपामागे तर मुळीच नाही. कॉकपिटमध्ये दिसतो.” येईल त्या मुलानं पोहे खायचे, माडीवर यायचं, विमान उडवायचं, शत्रूचं एक विमान पाडायचं आणि आपलं धडधाकट उतरवायचं. उतरलं तर पुढची बोलणी. नाही उतरलं तर नारळ.

माझ्या आधी बरेच नारळ गेले होते. इचलकरंजीचा एक इंजिनियर नदीत पडला. कोल्हापूरचा दातांचा डॉक्टर स्वतःच्याच हँगरमधून आरपार गेला. पुण्याचा एक मुलगा तर वर गेला तो दिसेचना. शेवटी संगणक बंद करून त्याला जेवायला घातलं.

आणि मला तर हे लग्न व्हायलाच हवं होतं. कारण शरयू मला आधीच ठाऊक होती. आदल्या वर्षी मिरजेच्या कीर्तन सप्ताहात मी टाळकऱ्यांत होतो. मी कराडच्या शाळेत प्रयोगशाळेचं काम बघत असे आणि सुट्टी मिळाली की कीर्तनामागं हिंडत असे. आमच्या कराडच्या मंडळात एक शिस्त होती: गजराला हात रिकामे. बुवांनी ‘पुंडलिक वरदे’ म्हटलं की हातात काय असेल ते सोडायचं आणि दोन्ही हात वर. देवाच्या नावाला मूठ बांधलेली नको. लहानपणापासून ती इतकी अंगात मुरली होती की त्या सप्ताहात पंचामृताचं तबक घेऊन मी बायकांच्या बाजूनं जात असताना गजर झाला, माझे हात वर गेले आणि तबक खाली. खाली म्हणजे शरयूच्या साडीवर.

“अहो!” ती म्हणाली.

“हारि विठ्ठल!” मी म्हणालो. हात वरच.

तिला हसू आवरेना. त्यानंतर आम्ही सप्ताहभर रोज बोललो, मग पत्रं झाली, आणि शेवटी तिनंच लिहिलं, “येऊन बघून जा. अण्णांचं विमान उतरवा, बाकीचं मी बघते. मी काही शिकवू शकत नाही. अण्णांनी मला शपथ घातलीय, माडीवर एक शब्द सूचना द्यायची नाही.”

आता त्या विमानाविषयी सांगायला हवं. त्या खेळात नवी, चपळ, गुणी विमानं ढिगानं होती. पण अण्णा मुलांना द्यायचे ते एकच, पन्नास सालच्या सुमाराचं एक जुनं जेट. ते त्याला ‘बाईसाहेब’ म्हणत. परदेशातल्या कुणा हौशी गृहस्थानं ते मॉडेल बनवलं होतं आणि बनवताना शेपटीचं गणित चुकवून ठेवलं होतं. दांडी ओढा, बाईसाहेब काही ऐकायच्या नाहीत. पुन्हा ओढा, नाहीच. मग तुम्ही जोरात ओढली की पहिली दोन्ही ओढणी एकदम आठवून नाक आभाळात. घाबरून खाली ढकला, तर तेही उशिरा आणि व्याजासकट. आमच्यात एखादा टाळकरी असतो ना, सगळ्यांचा टाळ वाजून गेल्यावर मन लावून आपला वाजवणारा, तशी ती शेपटी. सगळ्या खेळणाऱ्यांनी हे मॉडेल टाकून दिलं होतं. अण्णांना ते कुणी सांगितलेलं खपायचं नाही.

“विमानात दोष नसतो,” ते म्हणायचे. “हातात असतो.”

“करा सुरू,” अण्णांनी खुर्ची ओढली. मामा माझ्या मागं उभे राहिले, एसटीत कंडक्टर उभा राहतो तसे.

“थ्रॉटल हळू,” अण्णा म्हणाले. “एवढंच सांगतो. एकदम ढकलला की इंजिन विझतं. निम्मे जण धावपट्टीवरच विझलेत.”

हळू म्हणजे किती हळू? मी डोळे मिटून गोविंदबुवांना आठवलं. बुवा ‘जय जय राम कृष्ण हरी’ धरतात तेव्हा पहिली आवर्तनं इतकी ठाय असतात की नवख्या माणसाला वाटावं, बुवा झोपले. मग पखवाज किंचित पुढं सरकतो, मग टाळ, आणि लय कधी चढली हे कळायच्या आत मंडपभर माणसं उभी. मी मनात भजन धरलं आणि त्या लयीनं मूठ पुढं नेली. इंजिन गुरगुरलं, मग गाऊ लागलं. बाईसाहेब धावल्या आणि अलगद उचलल्या.

अण्णा पुढं झुकले. “हे कुणी शिकवलं?”

“गोविंदबुवांनी.”

“कुठल्या स्क्वाड्रनचे?”

“औंधचे,” मामा म्हणाले.

अण्णांनी आदरानं मान हलवली.

वर ढग होते, खाली हिरवी शेतं, आणि दूर डावीकडं शत्रूचं एक जाडजूड बाँबफेकी विमान शांतपणे चाललं होतं. मी हळूहळू त्याच्या मागं गेलो.

“झाडा!” अण्णा म्हणाले.

“अण्णा, आत किती माणसं असतील?”

“आत कुणी नसतं हो! तो खेळ आहे!”

“तरी पण...” मी डाव्या हातानं त्या विमानाला नमस्कार केला.

“मुकुंदा,” मामा कानाशी म्हणाले, “लग्न करायचंय ना? मग मार.”

मी चाप दाबला. आणि इथंच बाईसाहेबांचा स्वभाव उघड झाला. बंदुकीच्या धक्क्यानं नाक वर गेलं. मी खाली ढकललं, काही झालं नाही. आणखी ढकललं, आणि एकदम जमीन समोर. ओढलं, तर आभाळ. चापावरचं बोट काढायचं भानच राहिलं नाही. गोळ्या ढगांत, शेतांत, सूर्याकडे, सगळीकडे चालल्या होत्या, आणि त्यातली एखादी पुण्याई असल्यासारखी त्या बाँबफेक्याच्या पंखात घुसली. ते पेटून खाली गेलं.

“पाडलं!” मामा ओरडले. “मुकुंदानं पाडलं! इंदूताई, पाडलं!”

खालून शरयूच्या आईनं, इंदूकाकूंनी विचारलं, “काय पाडलंत? बरणी का?”

इकडे विमान आता पाळण्यासारखं वरखाली होत होतं आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. मी ओढत होतो, ढकलत होतो, घामानं दांडी निसटत होती. उंची झराझर कमी होत होती.

“ब्रेक दाब!” मामा.

“हवेत ब्रेक नसतो, मामा!”

“मग हॉर्न तरी दे!”

मी ओढलं की अण्णांचाही उजवा हात ओढत होता, मी ढकललं की ढकलत होता. चेहरा पांढरा पडलेला. इंजिनियर, डॉक्टर आणि आता मी. शेतांमधली झाडं वेगवेगळी दिसायला लागली. मी म्हटलं, गेली. शरयू गेली. आता आपण कराडला जाणार आणि जन्मभर परीक्षानळ्या धुणार.

तेवढ्यात जिन्यावरून, पाण्याचा तांब्या घेऊन वर येणाऱ्या शरयूचा आवाज आला. अगदी खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

“बोला, पुंडलिक वरदे!”

विचार करायला वेळच नसतो हो त्यात. माझे दोन्ही हात वर. मामांचे वर. जिन्यात इंदूकाकूंच्या हातातली कालथी वर. “हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!”

“अहो, दांडी! दांडी सोडली!” अण्णा किंचाळले.

मी डोळे उघडले. पडद्यावर बाईसाहेब एकदा वर गेल्या, थोड्या कमी खाली आल्या, आणखी थोड्या कमी वर गेल्या आणि सरळ झाल्या. पंख आडवे, नाक समोर. खाली नदी चकाकत होती. कुणीही काहीही धरलेलं नव्हतं आणि विमान असं चाललं होतं, जसं दुपारी जेवून गाय चालते.

अण्णा उठून पडद्याशी आले.

“हे असं,” अण्णा अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “हे असं ते कधी उडलं नाही.”

“कधीच नाही?” मी विचारलं. हात अजून वर.

“आता सांगून टाका की,” इंदूकाकू जिन्यातून कालथीसकट वर आल्या. “सांगा जावयाला. परक्यांच्या पोरांना नापास करता, पण तुम्हाला तरी ते मेलं विमान कधी उतरवता आलंय का? रोज दुकान बंद करून वर येता आणि रोज पडता. मी खाली आमटीला फोडणी देते आणि वर तुम्ही ‘अरे देवा’ म्हणता, की मला कळतं, पडले.”

अण्णांनी चष्मा काढला. “इंदू, पाहुण्यांसमोर...”

“पाहुण्यांसमोरच. पोरीचं वय थांबत नाही.”

अण्णा माझ्याकडे बघेनात, पडद्याकडे बघत राहिले. “वाटलं होतं, कुणातरी एकाला येईल,” ते म्हणाले. “येईल त्याच्याकडून शिकून घेईन. त्यासाठी घरातलाच माणूस हवा ना? बाहेरच्याला कसं विचारणार, मला शिकवा म्हणून?”

तेव्हा मला त्या परीक्षेचा अर्थ कळला. आणि विमान अजून हवेतच होतं. ते उतरवलं की शरयू माझी. धावपट्टी समोर दिसतही होती, लांबवर, रेघेएवढी. शरयू दारात तांब्या धरून माझ्याकडे बघत होती.

मी पट्टा सोडला आणि उठलो.

“अण्णा, तुम्ही बसा.”

“मी? अहो, परीक्षा तुमची आहे!”

“बसा हो. चष्मा पुसून घ्या.”

“मुकुंदा!” मामांनी माझी बाही ओढली. “वेडा झालास का? हातातोंडाशी आलंय!”

पण अण्णा बसले होते. साठीला आलेला तो माणूस मोटारीच्या त्या सीटवर असा बसला, जसा लहान मुलगा पहिल्यांदा सायकलवर बसतो, सगळं अंग ताठ. त्यांनी दांडी धरली मात्र, बाईसाहेबांनी नाक उचललं. ढकललं. डुचमळलं. पुन्हा पाळणा सुरू.

“सोडा, अण्णा!” शरयू म्हणाली.

“सोडून कसं चालेल? विमान आहे ते!”

“सोडा म्हणते ना!”

“सुटत नाही गं!” अण्णा ओरडले, आणि खरंच सुटत नव्हती. बोटं पांढरी झाली होती.

अण्णा काही देवाधर्मातले नव्हते. देवळाच्या दारापर्यंत यायचे ते इंदूकाकूंच्या चपला राखायला. पण शरयूनं तांब्या खाली ठेवला, कंबरेला पदर खोचला आणि पुन्हा आवाज लावला, “बोला, पुंडलिक वरदे!” आम्ही तिघांनी छप्पर उडेल असा गजर केला. मामांनी तर अण्णांचे दोन्ही हात मनगटांना धरून स्वतःच वर केले. “हारि विठ्ठल!” अण्णांच्या तोंडून निघालं, जरा बेसूर, पण निघालं.

विमान सरळ.

मग तशीच रीत पडली. अण्णा चिमटीत धरून दांडी जराशी हलवायचे, लगेच गजर, लगेच हात वर, विमान निवांत. पुन्हा जराशी, पुन्हा गजर. चाकं बाहेर काढायला एक गजर, वेग कमी करायला एक. शेजारच्या जोशीबाईंनी खिडकीतून विचारलं, “इंदूताई, आज काय आहे? एकादशी तर परवा झाली!” काकू म्हणाल्या, “विमान उतरतंय!” जोशीबाईंनी तिकडून हात जोडले आणि विचारलं, “तुकोबांचं?”

रेघेची पट्टी झाली, पट्टीचा रस्ता झाला. बाईसाहेब टेकल्या, उडाल्या, पुन्हा टेकल्या, धावपट्टी संपली तरी धावतच राहिल्या, गवतात शिरल्या, आणि कुंपणाला नाक लावून थांबल्या. इंजिन हळूहळू निवलं.

“उतरलं,” अण्णा म्हणाले.

कुणी टाळी वाजवली नाही. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, घातला, पुन्हा काढला. दुसऱ्यांचे डोळे आयुष्यभर तपासलेला माणूस तो. स्वतःचे पुसताना त्यांना फार वेळ लागला. मग ते उठले, कोट नीट केला आणि माझ्याकडे वळले.

“शिराळकर, तुम्ही नापास.”

“काय?” मामा.

“नियम म्हणजे नियम. विमान यांनी उतरवलं नाही. मी उतरवलं.” असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला वाईट वाटायचं राहूनच गेलं. “पुढच्या रविवारी परत या. फेरपरीक्षा.”

“अण्णा!” शरयू म्हणाली.

“आणि येताना ते गोविंदबुवा म्हणाला होतात ना, त्यांना आणता आलं तर बघा. थ्रॉटलबद्दल जरा विचारायचंय.”

पुढच्या रविवारी मी गेलो. पोहे खाल्ले, वर गेलो, अर्ध्यात अण्णा म्हणाले, “उठा, उतरवतो मी.” उतरवलं. मी नापास. त्याच्या पुढच्या रविवारीही नापास. गोविंदबुवाही एकदा येऊन गेले. त्यांनी विमान उडवलं नाही, पण उतरताना गजर धरला, आणि त्या दिवशी बाईसाहेब कुंपणाच्या खूप अलीकडे थांबल्या. मी दर रविवारी कराडहून यायचो आणि नापास होऊन, भरपेट जेवून परत जायचो. शेवटी इंदूकाकूंनी एकटीनं जाऊन भटजींकडून मुहूर्त काढून आणला आणि अण्णांना म्हणाल्या, “निकाल लागो न लागो, या तारखेला अंतरपाट धरायला उभे राहा.”

राहिले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि पंगतीत ते प्रत्येक पाहुण्याला सांगत फिरले, “जावई चांगला आहे. निकाल राखून ठेवलाय.”

लग्नानंतर मी शरयूला विचारलं, नेमक्या त्या क्षणी तुला पांडुरंगाची आठवण झाली कशी? ती हसली. म्हणाली, “एकदा अण्णांना खालून गिऱ्हाईकानं हाक मारली. ते दांडी सोडून धावत गेले. मी केर काढत होते. विमान आपलं शांत चाललेलं. ते परत आले, धरलं, पडलं. तेव्हाच मला कळलं होतं.”

“मग त्यांना सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू?” ती म्हणाली. “त्यांना वाटलं असतं, त्यांच्यावाचून ते नीट उडतं.”

तर ती म्हणते, युक्ती तिची. मी म्हणतो, युक्ती कुणाच्या डोक्यात घालायची हे पांडुरंगच ठरवतो. हा वाद आम्ही मिटवत नाही, चांगला चाललाय.

पुढे त्या मॉडेलची दुरुस्त केलेली आवृत्ती निघाली. शेपटी अगदी आज्ञाधारक. मी ती अण्णांसाठी आणली. त्यांनी एकदा उडवून पाहिली, सुरेख उतरवली आणि म्हणाले, “काढून टाका. हिच्यात कुणाला हाक मारावीच लागत नाही.” शेवटपर्यंत त्यांनी जुन्याच बाईसाहेब उडवल्या. संध्याकाळी माडीवरून एकट्या माणसाचा बेसूर गजर ऐकू यायचा आणि खाली इंदूकाकू म्हणायच्या, “उतरले.”

गेल्या माघात अण्णा गेले. माझा निकाल लागलाच नाही. तुम्ही आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्यासाठी एवढं करा, त्यांची आठवण काढा. भालचंद्र म्हैसाळकर, चष्मेवाले, राहणार मिरज. त्यांच्यासाठी मोक्ष वगैरे मागू नका, तिथं त्यांचं मन रमायचं नाही. धावपट्टी मागा. चांगली लांब मागा.